जुन्या शिडाच्या बोटीच्या तारा बदलताना

तारा बदलायचं ठरलं ते एका नखामुळे. फेब्रुवारीत मुरिंगवर (पाण्यात बोट बांधायच्या जागी) बोट धुताना डाव्या बाजूच्या शराउडच्या, म्हणजे डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारेच्या, खालच्या टोकावरून सुती फडकं फिरवत होतो. एका जागी फडक्याचा दोरा अडकला. नख फिरवून पाहिलं तर टोकाच्या नळीवर उभी रेघ, केसाएवढी. वरची तार अगदी चकचकीत होती, एखाद्याला दाखवली असती तर 'नवीच दिसते की' म्हणाला असता. ती रेघ दिसली नसती, तर पुढच्या रविवारी वीस नॉटच्या वाऱ्यात आम्ही त्याच तारेवर भिस्त ठेवून मांडव्याला गेलो असतो.

आमची बोट २६ फुटी, सत्तरच्या दशकातली, फायबरची. डोलकाठी ॲल्युमिनियमची, डेकवर उभी, एकाच जोडीचे स्प्रेडर (बाजूच्या तारा काठीपासून लांब धरणाऱ्या आडव्या दांड्या). तंबूला तणावे असतात तशा काठीला आठ तारा आहेत: पुढे फोरस्टे, मागे बॅकस्टे, दोन्ही बाजूंनी शेंड्यापर्यंत जाणारी एकेक कॅप शराउड, आणि स्प्रेडरच्या मुळाशी संपणाऱ्या चार लोअर. आठ तारा म्हणजे सोळा टोकं. तार मधूनच तुटल्याचं क्वचित ऐकू येतं. जातं ते टोक, नाहीतर टोक जिथे अडकवलंय ती पट्टी, नाहीतर दोघांमधली पीन. म्हणून या लेखात तारेला थोडी जागा मिळेल आणि टोकांना भरपूर. तुमची बोट वेगळी असेल तर आकडे बदलतील, कामाचा क्रम बहुधा हाच राहील.

बदलायची वेळ झाली का?

दहा ते पंधरा वर्षं हा सगळीकडे सांगितला जाणारा ढोबळ हिशोब. परदेशात बऱ्याच विमा कंपन्याही याच सुमाराला विचारणा करतात. आपल्याकडे उष्ण, खारट, दमट हवा बारा महिने असते, त्यामुळे मी दहाच्या पुढे जाऊ देणार नाही. जुनी बोट घेताना 'तारा कधी बदलल्या?' या प्रश्नाला मालकाने 'मध्यंतरी' असं उत्तर दिलं, तर त्या बदलायच्याच आहेत असं धरून किंमत ठरवा.

तपासणीला फार सामान लागत नाही. तारेवरून वरपासून खालपर्यंत कापूस फिरवा. तुटलेला तंतू असेल तिथे कापूस अडकेल. (हाताचं बोट फिरवू नका, मी एकदा फिरवलंय.) १×१९ तारेत एकोणीस तंतू असतात, आणि त्यातला एक तुटला म्हणजे बाकीचे अठरा ठीक आहेत असं नव्हे; ते त्याच वयाचे आहेत. मग खालची टोकं भिंगाखाली पाहा. पाणी तारेच्या पिळातून घरंगळत खालच्या नळीत साचतं, म्हणून वरच्यापेक्षा खालचं टोक आधी खराब होतं. उभी चीर, नळीच्या तोंडातून ओघळलेला तपकिरी डाग, किंचित केळ्यासारखी वाकलेली नळी, यातलं काहीही दिसलं तरी ती तार संपली.

स्टेनलेस गंजत नाही हा समज महागात पडतो. त्याच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो, आणि तो थर टिकायला हवेतला ऑक्सिजन लागतो. उघड्यावर तो स्वतःला दुरुस्त करत राहतो. पण ओल आहे आणि हवा नाही अशा फटीत, म्हणजे नळीच्या आत, डेकमध्ये गाडलेल्या पट्टीत किंवा घट्ट गुंडाळलेल्या टेपखाली, तो थर उडतो आणि धातू आतून पोखरला जातो. बाहेरून काही कळत नाही.

काठी खाली घेण्याआधी

एकेक तार काठी उभी ठेवूनच बदलता येते आणि बरेच जण तसं करतात. माझं मत: पहिल्यांदा करताय तर काठी खाली घ्याच. शेंड्यावरची फिटिंग बोसन्स चेअरमध्ये (काठीवर वर ओढून घ्यायच्या खुर्चीत) लटकत, एका हातात पाना धरून, नीट तपासता येत नाहीत. मुंबईत तसंही मेअखेर बोटी पाण्याबाहेर काढतो. क्रेन आलेलीच असते, त्याच फेरीत काठी उतरवायची आणि पावसाळाभर शेडमध्ये निवांत काम करायचं.

उतरवण्याआधी पुढच्या गोष्टी केल्याशिवाय एकही पीन काढू नका.

प्रत्येक टर्नबकलचा (तार आवळायच्या आट्यांच्या जोडाचा) फोटो काढा आणि दोन्ही बाजूंचे आटे किती मिलिमीटर बाहेर आहेत ते लिहून ठेवा. काठी किती मागे झुकलीय तेही मोजा: मेन हॅलयार्डला (मोठं शीड वर ओढायच्या दोरीला) ओळंबा बांधा (आम्ही गवंड्याचाच वापरला), तो बादलीभर पाण्यात बुडवा म्हणजे हलणार नाही, आणि काठीच्या मागच्या बाजूपासून दोरीपर्यंतचं अंतर बूमच्या (मोठ्या शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) उंचीवर घ्या. प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना खूण करा. कागदी टॅग पावसात जातात. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने कोरलेलं 'डावी कॅप, वर' टिकतं.

उतरवायला वाऱ्याशिवायची सकाळ निवडा. क्रेनचा पट्टा स्प्रेडरच्या खाली बांधा, म्हणजे गुरुत्वमध्य पट्ट्याच्या खाली राहतो आणि काठी उलटत नाही. पट्ट्याला एक खेचदोर जरूर लावा, नाहीतर काम झाल्यावर तो सोडवायला कुणालातरी वर चढावं लागेल. तारांवर हात ठेवायला दोन माणसं आणि क्रेनवाल्याशी बोलायला एकच माणूस. आमच्याकडे तिघे एकदम 'काका, वर… नाही, खाली… थांबा!' असं ओरडत होते, तेव्हा काकांनी इंजिन बंद करून चहा मागवला. त्यांचं बरोबर होतं.

आधी चेनप्लेट

नव्या तारा आणायच्या आधी हे काम करा, कारण इथे जे सापडेल त्यावर बाकीचा खर्च आणि वेळ ठरतो. चेनप्लेट म्हणजे तारेचं ओझं बोटीच्या अंगात उतरवणारी धातूची पट्टी. बऱ्याच जुन्या बोटींत ती डेकमधल्या फटीतून खाली जाऊन आडभिंतीला बोल्टांनी पक्की केलेली असते. नेमका डेकच्या जाडीतला इंचभर भाग वरूनही दिसत नाही आणि खालूनही. पन्नास वर्षांपूर्वीचं सीलंट तिथे ओल धरून बसलेलं असतं.

सगळ्या पट्ट्या बाहेर काढा. एक काढून 'ही ठीक आहे, म्हणजे बाकीच्याही असतील' असं करू नका. आमच्या सहापैकी चार बऱ्या निघाल्या. पाचवीवर डेकच्या रेषेत मुंगीच्या बिळासारखे खड्डे होते. सहावी बोल्ट काढताना हातातच दोन तुकडे झाली. ती उजव्या कॅपची होती.

ज्या बऱ्या दिसतात त्यांची डीपी टेस्ट (रंगाने बारीक चिरा शोधायची चाचणी) करा. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात तीन कॅन मिळतात: क्लीनर, लाल डाय, पांढरा डेव्हलपर. पट्टी चकचकीत घासून स्वच्छ करा, लाल डाय मारून डब्यावर लिहिलेली वेळ थांबा, वरचा रंग फडक्याने पुसा (क्लीनर थेट पट्टीवर मारला तर चिरेतलाही रंग निघून जातो), मग डेव्हलपर फवारा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. साध्या डोळ्यांना न दिसलेली एक रेघ आम्हाला भोकाच्या कडेला अशीच दिसली. मग सहाही नव्या केल्या.

नव्या पट्ट्या ३१६ किंवा ३१६एल प्रतीच्या स्टेनलेसच्याच हव्यात. ३०४ पेक्षा फरक मुख्यतः दोन-तीन टक्के मॉलिब्डेनमचा, पण खाऱ्या पाण्यात तोच फरक टिकाव ठरवतो. इथे सावध राहा. एका कारागिराने मला 'साहेब, ही पण एसएसच आहे' म्हणून जी पट्टी दिली ती मॉलिब्डेनमच्या थेंबाच्या चाचणीत साफ नापास झाली. लोहचुंबक लावून निर्णय घेऊ नका. त्याने ३०४ आणि ३१६ वेगळे ओळखता येत नाहीत. माल घेताना टेस्ट सर्टिफिकेट मागा, नाहीतर स्टॉकिस्टकडे पीएमआय मशीन (धातूत काय मिसळलंय ते दाखवणारं) असेल तर समोर तपासून घ्या. भोकं ड्रिलनेच पाडा, गॅसने नाही. कडा गोल करा आणि पट्टी आरशासारखी पॉलिश करून घ्या. हे शोभेसाठी नाही, खरखरीत पृष्ठभागावर मीठ आणि ओल धरून राहते.

डेकचं भोकही पाहा. आत प्लायवूड किंवा बाल्सा असेल आणि तो काळा पडून चुरा होत असेल, तर कुजका भाग कोरून काढा, पूर्ण वाळू द्या (पावसाळ्यात याला हॅलोजन दिवा आणि आठवडा लागतो), घट्ट केलेला इपॉक्सी भरा आणि त्यातून नवी फट काढा. म्हणजे पुढे सीलंट गळलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचणार नाही. डेकवर उभ्या काठीखालचा आधारही याच वेळी बघा. केबिनचा दरवाजा पूर्वी सहज लागायचा आणि आता घासतो, असं झालं असेल तर तो आधार दबलाय.

तार आणि टोकांची खरेदी

जुन्या तारेची जाडी वर्निअरने मोजा आणि तेवढ्याच जाडीची नवी घ्या. 'एक नंबर जाड घेऊ, सेफ राहील' हा सल्ला धक्क्यावर फुकट मिळतो. त्याने काठीच्या शेंड्याकडे वजन वाढतं, पिना आणि चेनप्लेट बदलाव्या लागतात, आणि ताण लावताना बोटीच्या अंगावर जास्त ओझं येतं. ६ मिमीची १×१९, ३१६ची तार तुटायला साधारण २,९०० किलो लागतात. २६ फुटी बोटीला ते पुष्कळ झालं.

जुन्या इंग्लिश आणि अमेरिकन बोटी इंचांत असतात ही एक खोच. अर्ध्या इंचाचं भोक १२.७ मिमी. त्यात १२ मिमीची पीन बसते, पण खुळखुळते, आणि सगळं ओझं एका रेषेवर येतं. पीन भोकात अंगठ्याच्या दाबाने जावी, पडू नये. नवीन टर्नबकलच्या पिनांची मापं जुन्या भोकांशी आधी जुळवा, मग ऑर्डर करा.

टोकांचे दोन प्रकार: मशीनने दाबून बसवलेली स्वेज, आणि हाताने पान्याने जोडायची मेकॅनिकल, उदाहरणार्थ स्टा-लॉक. स्वेज स्वस्त आणि सुटसुटीत, पण चांगलं मशीन आणि ते नीट चालवणारा माणूस हवा. मी मेकॅनिकल घेतली. तारेपेक्षा टोकांनाच जास्त पैसे गेले. पण ही टोकं उघडून आत बघता येतात, आतला छोटा कोन (शंकूसारखा तुकडा) बदलून पुन्हा वापरता येतात, आणि उद्या रत्नागिरीच्या धक्क्यावर गरज पडली तर दोन पान्यांत काम होतं.

टर्नबकल शक्यतो ब्राँझच्या अंगाची घ्या. स्टेनलेसच्या आट्यात स्टेनलेसचा बोल्ट ताणाखाली फिरवला की कधीकधी धातू धातूला चिकटतो आणि मग तो कापूनच काढावा लागतो. माझा एक असाच गेला, नवाकोरा. स्टेनलेसचीच घेतली तर आट्यांना लॅनोलिन ग्रीस लावल्याशिवाय एक फेराही देऊ नका. टर्नबकलच्या खाली टॉगल (झुलता सांधा) हवाच, म्हणजे तार दोन्ही दिशांना झुलू शकते. फोरस्टेला वर आणि खाली दोन्हीकडे हवा, कारण शीड तिला सतत बाजूला ओढत असतं.

टोक बसवणं

वरची सगळी टोकं शेडमध्ये बसवा. खालच्या बाजूला जुन्या तारेच्या मापापेक्षा ३०० मिमी जास्त ठेवा आणि खालचं टोक काठी उभी झाल्यावर जागेवर मापून करा. जुनी तार वर्षानुवर्षं ताणलेली असते, आधीच्या मालकाने ती चुकीच्या लांबीची केलेली असू शकते. तिच्यावर आंधळा विश्वास नको.

कापायच्या जागी तारेला टेप घट्ट गुंडाळा आणि टेपच्या मधोमध बारीक दातांच्या हॅक्सॉने कापा, इंचाला ३२ दातांचं पातं. कातरीने तोंड चेपतं. ग्राइंडरच्या पातळ डिस्कने चालतं, पण त्याच डिस्कने आधी साधं लोखंड कापलेलं नको, आणि शेजारी कुणी लोखंड घासत असेल तर तार झाका. ते कण स्टेनलेसवर बसले की आठवड्यात गंजाचे ठिपके येतात.

आता खरं काम. आधी टोकाची नळी तारेवर सरकवा. हे विसरायला होतं आणि मग सगळं पुन्हा करावं लागतं. टेप काढा. बाहेरचे बारा तंतू पेचकसाच्या टोकाने हळूच उलगडा. आतला सात तंतूंचा गाभा तसाच पिळलेला राहू द्या. कोनाची अरुंद बाजू तारेकडे ठेवून तो गाभ्यावर सरकवा, गाभा कोनाच्या पुढे साधारण दीड-दोन मिमी राहील इतका. मग बाहेरचे तंतू मूळ पिळाच्या दिशेने कोनावर परत बसवा, सगळ्यांत सारखं अंतर ठेवून. कोनाला एक उभी खाच असते. तिच्यात तंतू पडू देऊ नका. नळी वर ओढून घ्या म्हणजे तंतू जागेवर धरले जातील.

टोकाच्या दुसऱ्या भागात, म्हणजे पीन जाते त्या डोळ्याच्या किंवा काट्याच्या भागात, तळाशी छोटी वाटी टाका आणि नळी त्याच्यावर हाताने फिरवून मग पान्याने आवळा. घट्ट लागलं की थांबा आणि पुन्हा उघडा. सगळे तंतू कोनाच्या टोकाशी आत वळून नीट बंद झाले असतील तर बरोबर झालं. एखादा दुसऱ्यावर चढला असेल तर कोन फेकून नवा घ्या. पहिलं टोक मी तीनदा केलं. सोळावं पंधरा मिनिटांत झालं.

शेवटी आत मरीन सीलंट भरा, आट्यांना थ्रेडलॉकचा थेंब लावा आणि आवळा. नळीच्या तोंडातून सीलंट बाहेर डोकावलं पाहिजे. म्हणजे आत पाण्याला जागा उरली नाही. लांब पाना घेऊन जोर लावू नका, आटे ओरबाडले जातात.

काठी आडवी आहे तोवर

शेंड्यावरच्या आणि मधल्या पट्ट्यांची भोकं लांबट झालीत का ते नव्या पिना घालून बघा. स्टेनलेसचे स्क्रू ॲल्युमिनियममध्ये जातात तिथे पांढरी भुकटी दिसेल; स्क्रू काढा, साफ करा, ड्युरालॅक किंवा टेफ-जेल (दोन धातूंमध्ये लावायचा लेप) लावून परत बसवा. दिवे, वायरी, हॅलयार्डच्या पुल्या आताच बदला. स्प्रेडरचं टोक असं बसवा की तार त्याच्यावर वरखाली सारखा कोन करेल. बहुतेक बोटींत त्यामुळे स्प्रेडर किंचित वर उचललेला दिसतो. जमिनीला समांतर दिसला तर तो घसरलाय. ते टोक शराउडला बारीक तारेने बांधा, पण भरपूर टेप गुंडाळून हवाबंद करू नका.

उभी करणं आणि खालची टोकं

काठीच्या पायाशी नाणं ठेवायची जुनी दर्यावर्दी प्रथा आहे. ठेवा, पण तांब्याचं नको, ते ॲल्युमिनियमला खातं. आम्ही रुपया ठेवला आणि नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) नारळ फोडला.

उभी करताना पुढची, मागची आणि लोअर या जुन्याच तारा लावल्या, कॅप तेवढ्या नव्या. वारा पडलेल्या दिवशी काठी मधोमध उभी केली. 'मधोमध' हे डोळ्याने ठरवू नका: हॅलयार्डला पोलादी मेजर टेप बांधून वर चढवा आणि डाव्या-उजव्या चेनप्लेटपर्यंतचं अंतर सारखं येईपर्यंत जुळवा. मग नवी कॅप खाली ओढून, अर्ध्याहून थोडा जास्त उघडलेला टर्नबकल शेजारी धरून, खूण केली आणि कापली. जास्त उघडा ठेवायचा कारण नवी तार सुरुवातीला थोडी ताणते आणि पुढे आवळायला आटे हवेत. दोन्ही कॅप झाल्या की एकेक करून बाकीच्या. फोरस्टे बदलताना जिब (पुढच्या शिडाचा) हॅलयार्ड, बॅकस्टे बदलताना मेन हॅलयार्ड पक्क्या जागी बांधून काठी धरून ठेवा.

ताण

आधी काठी सरळ, मग ताण. फोरस्टे आणि बॅकस्टेने झुकाव ठरवा, आधीच्या नोंदीशी पडताळा. मग कॅप, दोन्हीकडे सारखे फेरे. मग लोअर, काठीच्या मागच्या खाचेत गाल टेकवून वर बघा, पोट डावी-उजवीकडे आलेलं दिसता कामा नये.

ताण मोजायला मीटर विकत मिळतो, पण सुताराची दोन मीटरची घडीची पट्टी पुरते. तार सैल असताना पट्टीचं वरचं टोक तारेला टेपने घट्ट चिकटवा. पट्टीचं खालचं टोक तारेच्या नळीच्या कडेशी नेमकं टेकलेलं हवं, पण मोकळं. आता ताण वाढवा. तार लांबेल आणि पट्टीच्या खाली फट पडेल. १×१९ स्टेनलेस तारेला दोन मीटरमध्ये १ मिमी फट म्हणजे तुटायच्या ताकदीच्या साधारण पाच टक्के ताण, तार कितीही जाड असो. आमच्यासारख्या बोटीला कॅपवर पंधरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३ मिमी. एकदम तिथे जाऊ नका; दहा टक्क्यांवर थांबून पहिली फेरी मारा.

बारा-पंधरा नॉटच्या वाऱ्यात, बोट पंधरा-वीस अंश कललेली असताना, वाऱ्याआडच्या तारा हाताने हलवून बघा. किंचित सैल ठीक. लोंबकळत असतील तर त्या सैल बाजूचा टर्नबकल मोजून दोन फेरे आवळा, टॅक करा (बोट वळवून वारा दुसऱ्या बाजूला घ्या), दुसऱ्या बाजूला तेवढेच. ताणलेल्या बाजूचा टर्नबकल कधीही फिरवू नका.

मगच स्प्लिट पिना. टोकं वीसेक अंश उघडा, मागे पूर्ण वळवू नका. अडचणीत त्या पक्कडीने एका झटक्यात निघायला हव्यात. गोल रिंगा शिडाच्या दोरीत अडकून निघून जातात, त्या टाळा. दुसऱ्या, चौथ्या आणि दहाव्या फेरीनंतर सगळी मापं पुन्हा घ्या.

उतरवलेली तार भंगारात द्यायच्या आधी ज्या टोकाला नख अडकलं होतं ते उभं कापून बघा. आमचं कापलं तेव्हा नळीच्या तळाशी तपकिरी चिखल होता आणि एकोणीसपैकी पाच तंतू आतच तुटलेले. आता बोटीवर सगळ्यात लांब तारेएवढी नवी तार गुंडाळून ठेवलीय, सोबत दोन टोकं, सहा कोन, चार बुलडॉग क्लिपा, आणि कंपॅनियनवेच्या (केबिनमध्ये उतरायच्या दाराच्या) हाताशी, कुलपात नाही, एक मोठा बोल्ट कटर.